अडीचशे गिझर आणि खाडीचं पाणी

मे महिना लागला की तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या गाळ्यावर टेम्पोतून कूलर यायला लागतात. कूलर म्हणजे वाळ्याचे पडदेवाला नाही, बोटीच्या इंजिनाचा हीट एक्सचेंजर. आम्ही मूळचे ट्रकच्या रेडिएटरला डाग देणारे, पण एकाने दुसऱ्याला सांगत सांगत यॉटवाले पण यायला लागले, कारण पावसाळ्याआधी बोटी पाण्याबाहेर काढतात आणि तेव्हा कुठे मालकाला आठवतं की सोफ्याच्या खाली हजार हजार हॉर्सपॉवरची दोन डिझेल इंजिनं पण आहेत.

सगळे हाच प्रश्न विचारतात, की एवढ्या मोठ्या इंजिनात बिघडतं काय? त्यांना वाटतं पिस्टन, क्रँक असलं काहीतरी भारी नाव येणार. मी म्हणतो पाणी. खारं पाणी आणि नुसतं उभं राहणं, निम्म्याहून जास्त बिलं ह्या दोन गोष्टींची असतात.

आता हिशेब बघा. हजार हॉर्सपॉवर म्हणजे साधारण ७४६ किलोवॅट. चांगलं डिझेल इंजिन तेलातल्या उष्णतेपैकी ४० टक्क्यांच्या आसपास कामाला लावतं, आणि हे काही कमी नाही, रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली ऑग्सबर्गला जे इंजिन चालवून दाखवलं ते २६ टक्क्यांवर होतं आणि तेव्हा वाफेच्या इंजिनवाल्यांनी तोंडात बोट घातलं होतं. तर एका लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा, म्हणजे फुल स्पीडला एक इंजिन तासाला १८५-१९० लिटर पिणार. दोन इंजिनं आहेत हे विसरू नका. उरलेली ६० टक्के उष्णता कुठेतरी जायला हवी ना. निम्मी धुरातून जाते आणि बाकी जवळजवळ सगळी, म्हणजे पाचेकशे किलोवॅट, पाण्याने उचलून न्यायची असते. आपल्या बाथरूममधला गिझर २ किलोवॅटचा असतो. म्हणजे अडीचशे गिझर एका वेळी चालू, एका बंद खोलीत.

बोटीला गाडीसारखी समोरून हवा लागत नाही, म्हणून दोन पाण्यांची सोय असते. इंजिनाच्या आत फिरतं ते गोडं पाणी, म्हणजे कूलंट, ते कधी बाहेर येत नाही. आणि बोटीच्या तळातल्या भोकातून आत येतं ते खारं पाणी, ते हीट एक्सचेंजरच्या बारीक तांबे-निकेलच्या नळ्यांतून जातं, गोड्या पाण्याची उष्णता घेतं आणि धुराबरोबर मागून बाहेर पडतं. १५ अंशांनी तापून बाहेर पडतंय असं धरलं तर मिनिटाला पाचशे लिटरच्या आसपास पाणी लागतं, म्हणजे गच्चीवरची हजार लिटरची टाकी दोन मिनिटांत खल्लास.

आणि आपल्याकडे ते पाणी कसलं, तर ठाण्याच्या खाडीचं. ज्या चिखलावर फ्लेमिंगो येतात म्हणून आपण कौतुकाने फोटो काढतो तोच चिखल उधाणाच्या भरतीला ढवळून निघतो आणि इंजिनात शिरतो. गाळणीत प्लॅस्टिकची पिशवी अडकते, चिखल थोडाच अडकतो. नळ्या गरम असल्या की पाण्यातला चुना आतून चिकटतो आणि तो थर उष्णतेला चांगलाच अडवतो. आमच्याकडे कूलर पातळ अॅसिडमध्ये बुडवला की इनोसारखा फसफसतो, कारण तो थर आणि शिंपल्याचं कवच दोन्ही एकच, कॅल्शियम कार्बोनेट. कोकणात शिंपले भाजून चुना करायचे ना, तेच रसायन.

मागच्या वर्षी एका कूलरचं झाकण काढलं तर नळ्यांच्या तोंडावर काळ्या रबराच्या तीन पाकळ्या आडव्या पडलेल्या. मालक सांगत होता टेंपरेचर चढतंय, थर्मोस्टॅट दोनदा बदलला. पाकळ्या होत्या इम्पेलरच्या. खारं पाणी खेचणाऱ्या पंपात रबराचं एक फूल फिरत असतं, त्याला वंगण म्हणून पाणीच लागतं, तळाचा व्हॉल्व्ह उघडायला विसरून इंजिन चालू केलं की मिनिटा-दोन मिनिटांत रबर जळायला लागतं. कोणीतरी इम्पेलर बदलला होता पण तुटलेल्या पाकळ्या गेल्या कुठे हे बघितलंच नव्हतं. आणि इंजिन चालवलंच नाही तरी हा इम्पेलर बिघडतो बरं का, सहा महिने एकाच जागी दबून राहिला की पाकळ्या वाकड्याच राहतात, इलास्टिक गेलेल्या पायजम्यासारखं.

जस्ताची गंमत वेगळीच. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू जोडलेले असले की ती एक बॅटरीच झाली, आणि त्यातला जास्त चपळ धातू झिजतो. म्हणून कूलरमध्ये पेन्सिलीएवढी जस्ताची कांडी बसवतात, ती झिजते आणि नळ्या वाचतात. हे डोकं हम्फ्री डेव्ही नावाच्या शास्त्रज्ञाचं, १८२४ साली त्याने इंग्रजांच्या युद्धनौकांच्या तळाच्या तांब्याच्या पत्र्याला जस्त आणि लोखंड लावून बघितलं. तांबं झिजायचं थांबलं, पण तांबं विरघळत नाही म्हटल्यावर त्याचं विषही पाण्यात उतरेना, आणि तळाला बार्नकल, म्हणजे दगडाला चिकटतात ते कवचवाले जीव, असे चिकटले की जहाजं संथ झाली. बार्नकल चिकटले की यॉटचंही तेच होतं, बोट ढकलणाऱ्या पंख्यावर लोड येतो, इंजिन पूर्ण आरपीएम गाठत नाही आणि मागून काळा धूर. कांडी अर्धी झाली की बदलायची, दोन-तीनशेचं काम, तरी निम्म्या कूलरांत कांडीच्या जागी नुसता पितळी बूच निघतो.

दिवाळे कोळीवाड्यात एक ओळखीचे दादा आहेत, त्यांच्या होडीचं छोटं मशीन मासेमारीच्या दिवसांत रोज चालतं. ते यॉटवाल्यांना हसतात, "चालवा ना रे जरा, ठेवून ठेवून मारताव कशाला." बरोबर आहे त्यांचं. तासाला ६० किलोमीटर धरले तर ५,००० तास म्हणजे गाडीचे ३ लाख किलोमीटर, आणि वर्षाला शंभर तास चालणाऱ्या यॉटला तिथे पोचायला पन्नास वर्षं लागतील. तोवर सील सुकतात, अर्ध्या टाकीत दमट हवेचं पाणी सुटून तळाशी बसतं आणि त्या पाणी-डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढते, हो, डिझेल खाणारी बुरशी, हॉर्मोकोनिस रेझिनी नाव तिचं, फिल्टर उघडला की काळा शेंबूड. म्हणून टाकी भरून ठेवा म्हणतो.

पण सगळ्यात घातकी म्हणजे एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धुराच्या पाइपचं वळण. टर्बोतून निघालेल्या चारशे-पाचशे अंशांच्या धुरात इथे खारं पाणी फवारतात, म्हणून पुढे रबराचा पाइप चालतो. मीठ, उष्णता आणि धुरातलं अॅसिड, तिन्ही एकाच कोपऱ्यात. तो आतून कुजतो, मग इंजिन बंद असताना पाणी उलटं टर्बोत आणि सिलिंडरमध्ये उतरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, पुढच्या स्टार्टला पिस्टन पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग बिल लाखांत.

ह्या मेमध्ये असाच एक एल्बो आला होता, बाहेरून पांढराशुभ्र पेंट मारलेला. मी स्क्रूड्रायव्हर टेकवून जरासा दाबला तर बिस्किटात जावा तसा आरपार गेला. फोटो काढून मालकाला पाठवला. त्यांचा मेसेज आला, "अहो पण पेंट तर दिवाळीत मारलाय."

नवीन बसवला शेवटी. जुना गाळ्यातच आहे, पावसाचा वारा सुटला की शटरशेजारचं दार आपटतं त्याला लावायला.