खांबावरची वंशावळ

वेल्समध्ये लानगोलेन गावाजवळ एका टेकाडावर तुटका दगडी खांब उभा आहे. नवव्या शतकात पोविस या वेल्श राज्याचा राजा कंगेन याने तो आपल्या पणजोबाच्या, एलिसेगच्या नावाने उभारला. तेव्हा तो उंच क्रूस होता आणि त्यावर लॅटिनमध्ये घराण्याची वंशावळ कोरलेली होती. ऊनपावसाने आता अक्षरं पुसून गेलीत. एडवर्ड लुइड या अभ्यासकाने १६९६ मध्ये मजकूर उतरवून घेतला म्हणून तो आपल्याला कळतो तरी.

वंशावळीतली मूळ आई सेविरा, मॅग्नस मॅक्सिमसची लेक. ३८३ साली ब्रिटनमधल्या रोमन फौजेने याच मॅक्सिमसला सम्राट म्हणून जाहीर केलं होतं. दावा मॅक्सिमसनंतर साडेचारशे वर्षांनी कोरलेला, त्यामुळे इतिहासकार तो फारसा मनावर घेत नाहीत. पण रोमन गेले तरी रोमन नावाचा दरारा टिकून होता, आणि गादीवर हक्क सांगायला तेवढं पुरे होतं.

२०१० ते २०१२ या काळात टेकाडाचं उत्खनन झालं. ते निघालं कांस्ययुगातलं, जवळपास चार हजार वर्षं जुनं दफनस्थळ; आत जळालेली माणसांची हाडं. म्हणजे कंगेनने अनोळखी मृतांच्या उशाशी उसने पूर्वज आणून बसवले होते! त्याच्या घराण्याची सत्ता त्याच्यापाशीच संपली. तो रोमला गेला आणि तिथेच वारला.

वेल्सच्या पुढच्या राजांना नडली ती भाऊबंदकी. वेल्श कायद्याने बापाची जमीन सगळ्या मुलग्यांत वाटली जाई. बापाने आपला म्हटलेला अनौरस मुलगाही वाटेकरी. गादीचा वारस एकच असावा असा संकेत होता, पण भाऊ तो जुमानतील तर ना! ग्विनेद या दुसऱ्या वेल्श राज्याच्या लिवेलिन ग्रिफिदने (नावातल्या 'ल'चा खरा वेल्श उच्चार देवनागरीत मावत नाही) १२५५ मध्ये भावांना लढाईत हरवलं आणि थोरल्या ओवेनला वीसेक वर्षं कैदेत ठेवलं. १२६७ मध्ये इंग्लंडने लिवेलिनला 'प्रिन्स ऑफ वेल्स' म्हणून मान्यता दिली. धाकटा भाऊ दाविद मात्र १२७४ मध्ये त्याच्याच खुनाच्या कटात सापडला, इंग्रजांकडे पळाला, आणि पुढे १२८२ मध्ये त्यानेच इंग्रजांवर हल्ला करून युद्ध पेटवलं. त्या डिसेंबरात लिवेलिन मारला गेला. पुढच्या वर्षी दाविदची श्रूजबरीत हाल करून हत्या झाली.

इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड एवढ्यावर थांबला नाही. जिथे हक्क रक्तावरून ठरतो तिथे रक्त शिल्लक ठेवायचं नाही, हे त्याने नेमकं ओळखलं होतं. लिवेलिनची तान्ही लेक ग्वेनलियन लिंकनशरच्या मठात पाठवली गेली. १३३७ मध्ये ती तिथेच वारली. दाविदचे दोन मुलगे ब्रिस्टलच्या किल्ल्यात डांबले. एक काही वर्षांतच गेला. दुसरा, ओवेन, सात वर्षांचा असल्यापासून कोठडीत. निदान किल्ल्याच्या तटाच्या आत तरी खेळू-फिरू द्या, असा अर्ज त्याने केल्याची नोंद आहे. १३०५ मध्ये एडवर्डचा हुकूम आला तो वेगळाच: रात्री ओवेनला लोखंडी पट्ट्यांच्या लाकडी पिंजऱ्यात ठेवा.