कीबोर्डची एक लाइट गेली? एलईडी ओढण्याआधी हे वाचा

“बाकी सगळं नीट चालतंय, फक्त एकाच बटणाची लाइट गेलीय. किती वेळ लागेल?” हा प्रश्न पुण्यातल्या आमच्या दुरुस्तीच्या काउंटरवर सारखा येतो. त्याचं उत्तर कीबोर्डच्या किमतीवर किंवा कंपनीवर फारसं अवलंबून नसतं. तो आधी कोणी उघडलाय का आणि एलईडी कसा काढलाय, यावर असतं. न उघडलेल्या मेकॅनिकल कीबोर्डचा एक एलईडी बदलणं हे छोटं काम आहे. तोच एलईडी घरी ओढून काढलेला असेल तर काम एलईडीचं राहत नाही, आतल्या सर्किट बोर्डाचं होतं, आणि वेळ व पैसे दोन्ही वाढतात. ही वेळ येऊ नये, हे पत्रक मुख्यतः त्यासाठी आहे.

कीबोर्ड वॉरंटीत असेल तर आमच्याकडे येण्याआधी कंपनीकडे जा. आम्ही उघडल्यावर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, आणि फुकट होणाऱ्या कामाचे पैसे तुमच्याकडून घ्यायला आम्हाला आवडत नाही.

खरंच एलईडीच गेलाय का?

सगळ्या बटणांना एकच स्थिर पांढरा रंग द्या आणि प्रकाश पूर्ण वाढवा. इफेक्ट चालू असताना कोणती लाइट मेली आणि कोणती फक्त पाळीची वाट बघतेय, ते कळत नाही. कीबोर्डची सेटिंग एकदा मूळ पदावर आणा, जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बघा. हिंजवडीहून किंवा खराडीहून गर्दीतून इथवर यावं आणि प्रोफाइलमध्ये त्या बटणाला चुकून काळा रंग दिलेला निघावा, असं होतं. त्याचे आम्ही पैसे घेत नाही, पण तुमची अर्धी सुट्टी जाते.

आरजीबी, म्हणजे रंग बदलणाऱ्या लाइटच्या, कीबोर्डात हीच पांढऱ्या रंगाची चाचणी बरंच काही सांगते. एका एलईडीच्या आत लाल, हिरवी आणि निळी अशा तीन चिप असतात. बाकी बटणं पांढरी असताना एकच बटण पिवळं दिसत असेल तर त्यातला निळा गेलाय. गुलाबी-जांभळट दिसत असेल तर हिरवा, आणि आकाशी दिसत असेल तर लाल. पण अख्ख्या ओळीचा किंवा उभ्या रांगेचा एकच रंग गेला असेल तर एलईडी बदलून काही होणार नाही. दोष ट्रॅकमध्ये (बोर्डावरच्या तांब्याच्या बारीक रेघेत) किंवा लाइट चालवणाऱ्या आयसीच्या बाजूला असतो. काही बोर्डांत एलईडी साखळीने जोडलेले असतात, एकाकडून दुसऱ्याकडे माहिती पुढे जाते. तिथे एका बटणापासून पुढच्या सगळ्या लाइट बंद पडतात किंवा भलतेच रंग दाखवतात. अशा वेळी पहिला बंद एलईडी आणि त्याच्या आधीचा शेवटचा चालू एलईडी, दोन्ही तपासावे लागतात, कारण माहिती पुढे न पाठवणारा एलईडी स्वतः मात्र छान पेटलेला असू शकतो.

आणखी एक गैरसमज. हॉट-स्वॅप कीबोर्डचा स्विच (बटणाखालचा दाबला जाणारा भाग) हाताने निघतो, म्हणून लोक नवा स्विच आणून लावतात आणि लाइट येत नाही म्हणून स्विच बदलून मागतात. अशा बहुतेक कीबोर्डांत एलईडी स्विचमध्ये नसतो, खाली बोर्डावर चिकटवलेला असतो. स्विचचं प्लास्टिक फक्त प्रकाश वर येऊ देतं. स्विच कितीही बदला, लाइट तीच राहणार.

ओढणं इतकं महाग का पडतं

आता दोन पायांच्या एलईडीबद्दल, म्हणजे एकरंगी लाइटच्या कीबोर्डबद्दल, कारण नासधूस सगळ्यात जास्त याच्यातच होते. हा एलईडी स्विचच्या वरच्या भागातल्या खाचेत बसतो, त्याचे पाय स्विचमधून खाली उतरतात आणि बोर्डाच्या मागे सोल्डर होतात. त्यामुळे मागून बघितलं तर एका बटणाखाली साधारण चार जोड दिसतात. दोन स्विचचे, दोन एलईडीचे. स्विचच्या जोडांना हात लावायची गरजच नसते. स्विच तिथेच ठेवून एलईडी वरून निघतो.

निघतो, पण सोल्डर दोन्ही पायांवर, भोकाच्या आतपर्यंत, पूर्ण निघालं असेल तरच. बोर्ड दुहेरी असतो. वर तांब्याचा पॅड (पाय सोल्डर होतो ती छोटी चकती), खाली पॅड, आणि दोघांना जोडणारा तांब्याचा पातळ मुलामा भोकाच्या आतून. कारखान्यातलं सोल्डर आतवर चढलेलं असतं. ते बहुधा शिसं नसलेलं असतं आणि २१७ ते २२० अंश सेल्सिअसला वितळतं. बुधवार पेठेत मिळणारी नेहमीची ६०/४० (कथील-शिशाची) सोल्डर वायर १८३ ते १९० अंशांत वितळते, म्हणून तिच्यावर हात बसलेल्या माणसाला वाटतं की हेही तसंच पटकन सुटेल. तापमान न धरणाऱ्या साध्या सोल्डरिंग आयर्नचं टोक बोर्डाला लागताच थंड होतं. वरचा थर चमकतो, आतला घट्टच असतो. शिवाय दोन पायांत जेमतेम अडीच मिलिमीटर अंतर. एक पाय सुटेपर्यंत दुसरा गोठलेला असतो.

आणि नेमकं इथेच लोक वरून चिमट्याने एलईडी ओढतात. तापलेला पॅड बोर्डाला आधीच सैल धरून असतो. एलईडी निघतो, त्याच्या पायासोबत भोकातला मुलामा आणि पॅडही निघतो. काढणाऱ्याला आनंद होतो की निघाला एकदाचा. मग नवा एलईडी लावला की लाइट लागत नाही. त्याच भोकातून शेजारच्या एलईडीकडे ट्रॅक जात असेल तर आधी चालू असलेल्या लाइटही बंद पडतात. “एक गेली होती, आता चार गेल्या” ही तक्रार घेऊन कोणी आलं की आम्ही बोर्ड उलटा करून पहिल्यांदा हीच जागा बघतो.

असा मुलाम्यासकट उखडलेला पॅड परत चिकटवून भागत नाही. आम्हाला तुटलेला ट्रॅक कुठून कुठे जात होता ते मल्टीमीटरने शोधावं लागतं. मग हिरवा किंवा काळा लेप हलक्या हाताने खरवडून तांबं उघडं करायचं, केसासारखी बारीक वायर तिथून एलईडीच्या पायापर्यंत न्यायची, वर पुन्हा लेप द्यायचा, आणि शेजारच्या सगळ्या लाइट तपासायच्या. एलईडी काही रुपयांचा असतो. बिलात जे दिसतं ते या कामाचं असतं. “एवढ्याशा एलईडीचे इतके?” असं विचारणाऱ्यांना आम्ही भिंगाखाली बोर्ड दाखवतो. बघितल्यावर बहुतेकांना पटतं.

घरी करणार असाल तर

करू नका असं आम्ही म्हणणार नाही. पुण्यात हाताने काम करायची आवड असलेले विद्यार्थी भरपूर आहेत, आणि हे काम शिकण्यासारखं आहे. केबल काढूनच सुरुवात करा. दोन्ही जोडांवर फ्लक्स (सोल्डर नीट वाहू देणारा पदार्थ) लावा आणि जुन्या सोल्डरवर थोडं नवं ६०/४० सोल्डर घाला. काढायचंय तिथे आणखी घालणं उलटं वाटतं, पण मिसळल्यावर जुनं सोल्डर कमी तापमानाला वितळतं आणि उष्णता आतपर्यंत पोचते. तापमान ठरवता येणारं आयर्न असेल तर ३३० ते ३५० अंश पुरे. टोक तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, मधे निवू द्या. जास्त तापवलं तर स्विचचं प्लास्टिक मऊ होऊन आतली पट्टी हलते आणि मग तेच बटण दोनदा उमटायला लागतं. नंतर सोल्डर पंपाने किंवा विकने (सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या विणलेल्या पट्टीने) सोल्डर ओढून घ्या.

यानंतरची परीक्षा कोणी करत नाही, आणि आमच्या मते ती सगळ्यात महत्त्वाची. मागून चिमट्याचं टोक एलईडीच्या पायाला लावून हळूच हलवा. दोन्ही पाय भोकात मोकळे हलले पाहिजेत. हलत नसतील तर पुन्हा सोल्डर घाला, पुन्हा ओढून घ्या. दोन्ही मोकळे झाले की मागून बोटाने ढकललं तरी एलईडी वर येतो. जोर लावावा लागतोय असं वाटलं तर थांबा, कारण तिथे अजून सोल्डर धरून आहे. भोक बुजलं असेल तर सुई खुपसू नका आणि ड्रिल तर अजिबात फिरवू नका. ड्रिलने सोल्डर निघतं, त्यासोबत आतला मुलामाही जातो.

फ्लक्सचं म्हणाल तर नळकामाचा आम्लाचा फ्लक्स बोर्डाला लावू नका. तो तांबं खातो. डबीतली पिवळसर पेस्ट चालते, पण तिचा चिकट थर मागे राहतो, तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका. त्यात ॲसिटोन असेल तर बऱ्याच कीकॅपचं (बटणावरच्या टोपीचं) आणि काही स्विचचं प्लास्टिक खराब होतं.

नवा एलईडी लावताना लांब पाय अधिक (+) बाजूला. चौकोनी पॅड म्हणजे अमुकच बाजू, यावर विसंबू नका. सगळे बोर्ड तसं पाळत नाहीत. शेजारचा चालू एलईडी मल्टीमीटरच्या डायोड मोडवर तपासून दिशा ठरवा. पांढरा किंवा निळा एलईडी तिथे अगदी मंद पेटतो, काही मीटरवर पेटतच नाही, त्यामुळे तेवढ्यावरून तो खराब समजू नका. आकारही बघून घ्या. काही स्विचमध्ये ३ मिलिमीटरचा गोल एलईडी बसतो, काहींत २×३×४ चा चौकोनीच. गोलाला खाली कॉलर (बाहेर आलेली कड) असेल तर कीकॅप त्यावर आपटते.

पांढऱ्याच्या जागी लाल लावून मिळेल का, असंही विचारतात. लाल एलईडीला सुमारे २ व्होल्ट लागतात, पांढऱ्या आणि निळ्याला ३ च्या आसपास. बोर्डावरचे रेझिस्टर पांढऱ्याच्या हिशेबाने निवडलेले असतात, त्यामुळे लालमधून जास्त करंट जातो. काही बोर्डांत तो भलत्या वेळीही मिणमिणतो. रेझिस्टर बदलून हे नीट करता येतं, आणि ते आम्ही करून देतो.

आमच्या कामाच्या पद्धतीबद्दल

तपासणीचे पैसे आम्ही आधी घेतो आणि काम दिलंत तर ते बिलातून वजा करतो. दोष कुठे आहे हे शोधणं हेच अर्धं काम आहे, विशेषतः आरजीबी बोर्डांत. तिथे एलईडी बोर्डावर सपाट बसवलेला असतो, तो गरम हवेने उतरवावा लागतो, आणि शेजारच्या एलईडी व स्विचच्या सॉकेटना उष्णतारोधक टेप लावून झाकावं लागतं. पावसाळ्यात अशा सुट्या एलईडींचं प्लास्टिक हवेतला ओलावा शोषतं, आणि अचानक तापल्यावर ते आतून तडकू शकतात. म्हणून जून ते सप्टेंबर ते लावण्याआधी आम्ही ६०-७० अंशांवर बराच वेळ कोरडे करतो. “समोर बसून लगेच करून द्या” याला आम्ही नाही म्हणतो ते या कारणाने. शिवाय काम झाल्यावर कीबोर्ड पूर्ण प्रकाशावर रात्रभर चालू ठेवतो. कच्चा जोड असेल तर तो इथे, आमच्यासमोर उघडा पडावा.

रंग जुळण्याचं आम्ही विशेष बघतो. जुने पांढरे एलईडी वापराने मंद आणि थोडे पिवळसर होतात. नवा मधोमध लावला की तो एकटाच डोळ्यांत घुसतो. म्हणून अक्षराच्या बटणाचा एलईडी गेला असेल तर आम्ही स्क्रोल लॉक किंवा पॉझचा जुना एलईडी काढून तिथे लावतो आणि नवा कोपऱ्यात देतो. दोन एलईडी काढून दोन लावायचे म्हणजे मेहनत दुप्पट, पण कीबोर्ड एकसारखा दिसतो. असं नको असेल तर आधी सांगा, त्याप्रमाणे दर कमी होतो.

आम्ही बदललेल्या एलईडीची आणि जोडाची हमी देतो, बाकीच्या एलईडींची नाही. आधी उघडलेल्या बोर्डासाठी दर वेगळा का, ते वर आलंच आहे. घरी प्रयत्न झाला असेल किंवा चहा सांडला असेल तर मोकळेपणाने सांगा. कोणी रागावणार नाही, आणि आमचा शोधण्याचा वेळ वाचला की तुमचं बिलही कमी होतं.

येताना कीबोर्डसोबत त्याची केबल आणा. सगळ्या कीकॅप काढून आणायची गरज नाही, लागतील तेवढ्या आम्ही तारेच्या पुलरने काढतो. प्लास्टिकच्या कडीचा पुलर कीकॅपच्या कडांवर ओरखडे पाडतो. केस उघडलेली असेल तर सगळे स्क्रू एका पुडीत घाला. आणि एलईडी आधीच ओढून निघाला असेल तर तो फेकू नका, पायाला चिकटलेल्या तांब्याच्या तुकड्यासकट आणा. त्यावरून पॅड वरचा गेला, खालचा गेला की भोकातला मुलामाही गेला, हे लगेच कळतं आणि खर्चाचा अंदाज काउंटरवरच देता येतो.