सुई टोचली म्हणजे एचआयव्ही झालाच का?

रुग्णालयात सफाईचे काम करणाऱ्या एका बाईंना कचऱ्याची पिवळी पिशवी बांधताना तिच्यातली वापरलेली सुई टोचली. वापरलेली सुई पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात टाकायची असते. ती पिशवीत आलीच कशी, हे कोणी विचारले नाही. बाईंनी सवयीने बोट तोंडात घातले, मग पिळून रक्त काढले. सुई एचआयव्हीबाधित रुग्णाची असल्याचे कळताच दुसऱ्या दिवसापासून बरोबरीच्या बायका त्यांच्याशेजारी डबा खायला बसेनाशा झाल्या.

बाधित रक्ताची सुई टोचल्यावर काहीच उपचार घेतले नाहीत, तरी लागण होण्याची शक्यता सरासरी ०.३ टक्के, म्हणजे सुमारे तीनशेत एक असते. लस न घेतलेल्या व्यक्तीला अशाच सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते; त्याची भीती मात्र कोणाला वाटत नाही. याउलट, बाधित रक्ताची पिशवी शरीरात चढवली गेली तर एचआयव्हीची लागण नव्वद टक्क्यांहून अधिक वेळा होते. विषाणू तोच असताना एवढी तफावत का पडते?

समजा, रुग्णाच्या रक्तद्रवात दर मिलिलिटरमागे विषाणूच्या ५०,००० प्रती आहेत. टोचलेल्या सुईतून साधारण एक मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा भाग रक्त आत जाते असे धरले, तर त्यातून जेमतेम काही डझन प्रती जातील. रक्ताच्या पूर्ण पिशवीत हाच आकडा कोटीच्या घरात जातो. त्या काही डझनांतल्याही बहुतेक सदोष, संसर्ग करू न शकणाऱ्या असतात. उरलेल्यांना पृष्ठभागावर सीडी-४ आणि सहसा सीसीआर-५ ही प्रथिने असलेली पेशी गाठावी लागते, आणि बोटाच्या त्वचेत अशा पेशी विरळ असतात. म्हणूनच तीनशेत एक ही केवळ सरासरी आहे. जखम खोल असेल, सुईवर रक्त दिसत असेल, ती थेट रुग्णाच्या शिरेतून आलेली असेल किंवा रुग्णाचा आजार शेवटच्या टप्प्यात असेल, तर धोका वाढतो; टाके घालण्याच्या भरीव सुईपेक्षा इंजेक्शनची पोकळ सुई अधिक रक्त वाहून नेते.

लैंगिक संबंधांतील आकड्यांमागेही हेच कारण आहे. गुदमार्गाचे अस्तर पेशींच्या एकाच थराचे असल्याने तेथे ग्रहण करणाऱ्या जोडीदाराला दर दहा हजार संबंधांमागे सुमारे १३८ वेळा लागण होते; योनीचे अस्तर अनेक थरांचे असल्याने तेथे हा आकडा सुमारे ८ आहे. मात्र बाधित जोडीदार नियमित एआरटी, म्हणजे एचआयव्हीविरोधी औषधे घेत असेल आणि त्याच्या रक्तात विषाणू तपासणीत सापडत नसेल, तर लैंगिक संबंधांतून लागण होत नाही. उपचारांनी संसर्ग रोखला जातो हे ठामपणे दाखवणाऱ्या २०११ च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत पुण्यातील जोडपीही सहभागी होती.

सिनेमागृहाच्या खुर्चीत खोचलेल्या सुया आणि थंड पेयात मिसळलेले रक्त यांचे संदेश वर्षानुवर्षे फिरत आहेत. ते पुढे पाठवणे कृपा करून थांबवावे. डास चावल्यानेही एचआयव्ही होत नाही: तो चावताना आपली लाळ सोडतो, आधी प्यायलेले रक्त नव्हे, आणि त्याच्या पोटात हा विषाणू वाढतही नाही.

पेशीत शिरलेला विषाणू आधी आपल्या आरएनएपासून डीएनए तयार करतो आणि मग तो डीएनए त्या पेशीच्या गुणसूत्रात कायमचा जोडतो. लागण टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांतली टेनोफोविर आणि लॅमिव्ह्युडिन ही औषधे पहिली पायरी अडवतात, डोल्युटेग्रॅविर दुसरी. विषाणू लसिकाग्रंथींत पोहोचून बस्तान बसवण्याआधी गोळ्या सुरू व्हाव्या लागतात. म्हणून त्या शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात. टोचलेले बोट पिळू नये, तोंडात घालू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांना सांगावे.

बाई तिसऱ्या दिवशी एआरटी केंद्रात पोहोचल्या, तेव्हा ७२ तास व्हायला थोडाच अवधी उरला होता. त्यांनी २८ दिवस गोळ्या घेतल्या आणि तीन महिन्यांनंतरची त्यांची तपासणी निगेटिव्ह आली. गोळ्या घेतल्या नसत्या तरी ती बहुधा निगेटिव्हच आली असती, परंतु तीनशेतली ती एक व्यक्ती कोण, हे त्या दिवशी कोणालाही सांगता आले नसते.