मैदानावरचे ‘चिंतन’ आले कुठून?

सामना संपल्यावर ‘काय जमलं, कुठे फसलो’ हे खेळाडूच्याच तोंडून काढून घेण्याची पद्धत खानदेशात नवी म्हणून सांगितली जाते. तशी ती अगदीच नवी नाही. तालमीत वस्ताद हरलेल्या पोराला तोच डाव पुन्हा धरायला लावत. पण बोलायचे वस्ताद आणि ऐकायचे पोराने.

खरा गुंता या पद्धतीला दिलेल्या ‘चिंतन’ या शब्दाचा आहे. 1983 साली एका अमेरिकी अभ्यासकाने काम चालू असतानाचा विचार आणि काम झाल्यानंतरचा विचार असे दोन भाग केले. कबड्डी खेळलेल्याला हे फोड करून सांगावे लागत नाही. 30 सेकंदांच्या चढाईत कॉर्नर, म्हणजे कडेचा बचावपटू, पुढे सरकलेला दिसला, म्हणून बोनस गुण सोडून माघारी फिरणे हा पहिला विचार. बाहेर बसल्यावर ‘तो सरकला होता की मला तसं वाटलं?’ हा दुसरा. मराठीत दोन्हींना ‘चिंतन’च म्हटले गेले. त्यात ‘आत्मपरीक्षण’ मिसळले, आणि आपल्याकडे आत्मपरीक्षण करायचे ते निवडणूक हरलेल्यांनी! जिंकलेल्या संघाला ते कोणी सांगत नाही. मग पोरे वहीत कबुलीजबाब लिहू लागली: लक्ष नव्हते, सराव कमी पडला.

वहीची सवय वर्गातली. 2010 पासून शाळांत सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, शिक्षकांच्या वर्णनात्मक नोंदी आल्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने प्रगतिपत्रकात विद्यार्थ्याच्या स्वमूल्यमापनालाही जागा दिली. क्रीडाशिक्षकाला साचा आयताच मिळाला.

लेखी की तोंडी, हा वाद मात्र मिटलेला नाही. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या पोरांच्या घरी पावरी किंवा भिली बोलतात, धुळे-जळगावच्या खेड्यांत अहिराणी. प्रमाण मराठीत लिहायला लावले की खेळाऐवजी मराठीच तपासली जाते. ‘काय व्हयनं रे भो?’ एवढे विचारले तर तेच पोर चढाई पावलापावलाने सांगते. शिवाय वही वाचणारा आणि संघ निवडणारा माणूस बहुधा एकच असतो; त्याच्यापुढे ‘मी घाबरलो’ असे कोण लिहील?

आता मोबाइल आला आहे. चढाई थांबवून, मागे नेऊन पोरे आधी बोलतात, सर नंतर. फक्त चित्रण करणारा मित्र गुण मिळालेल्या चढाया ठेवतो आणि पकड झालेल्या पुसून टाकतो.