मुरुमाच्या वाटेवर अरुंद टायर

पैठणच्या नाथसागरातून निघणारा जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब आहे आणि उजवा १३२ किलोमीटर. या कालव्यांच्या कडेने जाणारे मुरुमाचे रस्ते आणि त्यांना येऊन मिळणाऱ्या पाणंदी, महामार्गावरचे ट्रक चुकवू पाहणाऱ्या सायकलस्वाराला मोह घालतात. अडचण एवढीच, की त्याच्याकडे बहुधा डांबरी रस्त्यासाठी बनवलेली रोड बाइक असते आणि तिचे टायर जेमतेम २३ ते २८ मिलिमीटर रुंद असतात. असे टायर कच्च्या रस्त्यावर नेऊच नयेत, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे, कारण रुंदीइतकेच, किंबहुना तिच्याहून अधिक, महत्त्व टायरमधल्या हवेच्या दाबाला आणि जमिनीतल्या ओलीला आहे.

सायकल आणि स्वार मिळून ८० किलो वजन धरले, तर त्यातले सुमारे ४८ किलो मागच्या चाकावर येते. टायरमध्ये १०० पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७ किलो दाब असेल, तर हे वजन तोलण्यासाठी टायरचा साधारण ७ चौरस सेंटिमीटर, हाताच्या अंगठ्याएवढा भाग जमिनीला टेकतो. दाब ६० पीएसआयपर्यंत उतरवला, की हेच क्षेत्रफळ ११ चौरस सेंटिमीटरच्या पुढे जाते. दाब तोच ठेवून नुसता टायर रुंद केला, तर मात्र टेकणाऱ्या भागाचा आकार तेवढा बदलतो; अरुंद टायरचा ठसा लांबट उमटतो आणि रुंद टायरचा आखूड व पसरट. क्षेत्रफळ जवळपास तेवढेच राहते. रुंद टायरचा खरा फायदा असा, की त्यात हवा कमी ठेवूनही रिम दगडावर आपटत नाही.

हा दाब जमिनीला पेलतो का, हे जमिनीवर अवलंबून आहे. मृदा-यांत्रिकीचा पाया घालणारे कार्ल टेरझागी आणि त्यांच्यानंतरच्या अभियंत्यांनी इमारतींच्या पायांसाठी जे गणित मांडले, ते ढोबळमानाने चाकालाही लागू पडते. मातीचे थर एकमेकांवरून घसरण्याला जो विरोध करतात, त्याच्या साधारण पाचपट दाब चिकणमाती सहन करते; त्यापुढे ती खचते. भिजून मऊ झालेल्या चिकणमातीत हा विरोध दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोच्या आसपास असतो, म्हणजे ती जेमतेम सव्वा किलो दाब पेलते. आपला टायर तिच्यावर ७ किलोने दाबतो आहे. तो रुतणार हे उघडच आहे, आणि एकदा रुतला, की प्रत्येक पॅडलला स्वतःच केलेल्या खड्ड्यातून वर चढत राहतो.

मराठवाड्याच्या काळ्या जमिनीत ही गोष्ट अधिकच तीव्र होते. बेसॉल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत माँटमोरिलोनाइटच्या जातीची चिकण खनिजे भरपूर असतात. त्यांच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते, माती फुगते आणि लोण्यासारखी मऊ होऊन चाकाला चिकटते. रोड बाइकचा टायर आणि ब्रेक यांच्यात काही मिलिमीटरच मोकळी जागा असल्यामुळे चिखलाचे दोन-चार थर बसले, की चाक फिरणेच थांबते. मग सायकलवर माणूस नव्हे, माणसावर सायकल बसते. शेतकरी वापसा होईपर्यंत, म्हणजे ओल मशागतीजोगी उतरेपर्यंत, रानात औत घालत नाही. सायकलस्वाराने तर वापशानंतरही चांगले ऊन पडून माती कडक होईपर्यंत थांबावे. पुढे उन्हाळ्यात हीच माती इतकी टणक होते, की टायरचा ठसाही उमटत नाही; पण तेव्हा तिला पडलेल्या भेगा अरुंद टायर सहज गिळू शकतात, म्हणून त्या आडव्याच ओलांडाव्यात.

मुरुमाचे वागणे वेगळे आहे. त्याची ताकद कणाकणांतल्या घर्षणातून येते आणि अशा सुट्या कणांच्या थरात, दाब सारखाच असला तरी, अरुंद वस्तू रुंद वस्तूपेक्षा लवकर रुतते. रोलर फिरवून दाबलेल्या मुरुमावर अरुंद टायर बिनघोर चालतो. अडतो तो नव्याने टाकलेल्या, न दाबलेल्या थरात.

‘हवा फुल टाइट भरा’ हा आग्रह मात्र इथे सोडावा. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. गुळगुळीत डांबरावर दाब वाढवला, की टायर कमी दबतो आणि शक्ती वाचते. पण खडबडीत वाटेवर फार टणक टायर प्रत्येक खड्यावर उडतो, आणि सायकल पुढे नेण्याऐवजी ती शक्ती स्वाराचे अंग हादरवण्यात खर्च होते. फ्रान्समधल्या पॅरिस–रुबे शर्यतीत, जिथे दगडी फरसबंदीचे पट्टे ओलांडावे लागतात, व्यावसायिक सायकलपटूही आता ३० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद टायर कमी दाबावर वापरतात.

दाब किती उतरवावा याला खालची मर्यादा आहे. फार कमी हवेत खडीचा कोपरा टायरला रिमपर्यंत दाबतो आणि मध्ये चिमटलेली ट्यूब दोन ठिकाणी फाटते. म्हणून १०० पीएसआयवर चालवणाऱ्याने आधी १० ते १५ पीएसआय कमी करून पाहावे. सकाळी २५ अंशांना भरलेला ८५ पीएसआयचा टायर दुपारी ४५ अंशांपर्यंत तापला, तर दाब आपोआप ६ ते ७ पीएसआयने वाढतो, हेही हिशेबात धरावे.

सुट्या मुरुमावर टायरची पकड कोरड्या डांबराच्या साधारण निम्मी असते. त्यामुळे थांबायला दुप्पट अंतर लागते, आणि वळणात पुढचा ब्रेक दाबला, तर पुढचे चाक निसटून माणूस थेट आडवा होतो. वळणाआधी, सायकल सरळ असतानाच वेग कमी करावा.

राहता राहिले काटे. कालव्याच्या कडेची वेडी बाभूळ आणि जमिनीवर पसरणारा सराटा यांच्यापुढे टायर अरुंद की रुंद याने फारसा फरक पडत नाही. ट्यूबचे पंक्चर काढणे सोपे असते, पण काट्याचे मोडलेले टोक बऱ्याचदा टायरच्या आतच राहते आणि हवा भरताच त्याच जागी पुन्हा टोचते. ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे कुठून येतात ते पाहावे, ती जागा व्हॉल्व्हपासून मोजून टायरवर जुळवावी आणि तिथे आतून बोट सावकाश फिरवावे; टोक हाताला लागले, की ते बाहेरच्या बाजूने चिमट्याने ओढून काढावे आणि मगच ट्यूब आत घालावी.