थंडीत हवा उतरते, पण एकाच चाकातली नाही

'थंडीत टायरची हवा आपोआप उतरते. खिळा दिसत नसेल तर पंक्चर नाही, भरत राहा.' नाशिकमध्ये गारठा पडला की हा मेसेज फिरू लागतो. त्यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. तापमान साधारण साडेपाच अंशांनी घसरलं की दाब सुमारे १ पीएसआय कमी होतो. म्हणजे दुपारी २८ अंशांत ३३ भरलेला टायर पहाटे १० अंशांत ३०च्या आसपास दिसणार. पण थंडी चारही चाकांना सारखीच लागते ना! एकच चाक दर आठवड्याला बसत असेल तर गळती आहेच.

पहाटे, गाडी हलवण्याआधी, चारही टायरचा दाब मोजून लिहून ठेवा. चार दिवसांनी त्याच वेळी पुन्हा मोजा. एकच आकडा मागे पडला, तर त्या चाकावर साबणाचं पाणी ओता: आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर (बऱ्याचदा दोषी हाच, आणि दुरुस्ती स्वस्तातली), मग नक्षीवर, शेवटी रिम आणि टायरच्या सांध्यावर. बारीक बुडबुडे यायला मिनिटभर लागतं, घाई नको. खिळा सापडलाच तर घरी उपटू नका; ट्यूबलेस टायरमध्ये बऱ्याचदा तोच हवा अडवून धरतो.