जर्मनीत हायवेच्या आवाजासाठी सरकारी खर्चाने खिडक्या: कोणाला मिळतात, कागद काय लागतात

जर्मनीत जुनं घर घेतलंय आणि मागून आउटोबान (तिकडचा एक्स्प्रेसवे) नाहीतर समोरून बुंडेसश्ट्रासे (केंद्राचा महामार्ग) जाते, तर लेर्मझानीरुंग, म्हणजे जुन्या रस्त्यांचा आवाज कमी करायची सरकारी स्कीम, बघाच. आवाज अडवणाऱ्या खिडक्यांचा 75 टक्के खर्च सरकार देतं, उरलेला आपला. फक्त लेखी करार हातात यायच्या आधी खिडक्यांची ऑर्डर देऊ नका, दिलीत तर पैसे गेले समजा, मग कितीही हातापाया पडा.

रस्ता केंद्राचा हवा, नगरपालिकेचा असेल तर ही स्कीम नाही. घराची बांधकाम परवानगी साधारण 1 एप्रिल 1974 च्या आधीची लागते, कारण प्रदूषणाचा कायदा तेव्हा लागू झाला. रहिवासी भागात आवाज दिवसा 64 किंवा रात्री 54 डेसिबलच्या वर पाहिजे, ऑगस्ट 2020 च्या आधी ही मर्यादा 67 आणि 57 होती, म्हणजे तेव्हा नकार आला असेल तर परत विचारा. आणि मोबाईलच्या अ‍ॅपवरचं रीडिंग कोणी बघत नाही हां, गाड्या किती, त्यात ट्रक किती, स्पीड, अंतर यावरून ते हिशोबच करतात.

अर्ज घरमालकानेच करायचा, भाडेकरू असाल तर मालकाच्या मागे लागा. फ्लॅटच्या खिडक्या बहुतेक सामायिक मालमत्तेत येतात म्हणून सगळ्या मालकांचा ठराव लागतो, आणि इथेच गाडी अडते. आउटोबान असेल तर आउटोबान गेएमबेहा या केंद्राच्या कंपनीकडे जायचं, बुंडेसश्ट्रासे असेल तर राज्याच्या रस्ते खात्याकडे, उदा. हेसेनमध्ये हेसेन मोबील.

कागद म्हणजे फॉर्म, ग्रुंडबुखचा उतारा (तिकडचा सातबाराच म्हणा), बांधकाम परवानगी आणि फ्लोअर प्लॅन. प्लॅनवर कुठली खोली कशासाठी वापरता ते नीट लिहा, कारण बेडरूम, मुलांची खोली, हॉल धरतात, बाथरूम आणि पॅसेज नाही. मग त्यांचा माणूस येऊन काच किती जाड, फटी आहेत का, रोलाडेनच्या (खिडकीवरच्या गुंडाळायच्या शटरच्या) पेटीतून आवाज येतो का हे बघतो, आहेत त्याच खिडक्या पुरेशा निघाल्या तर विषय संपला. बेडरूमला खिडकी बंद ठेवूनही हवा आत घेणारा व्हेंटिलेटरही मागून घ्या, नाहीतर रात्री खिडकी उघडावीच लागते आणि सगळं मुसळ केरात.

त्यानंतर कोटेशन्स, साधारण तीन मागतात, मग करार, काम, बिल आणि शेवटी पैसे. हा हक्क नाही, बजेट असेल तसं देतात, त्यामुळे वाट बघायची तयारी ठेवा. बाल्कनीतल्या आवाजाचं यात काहीच मिळत नाही.